आधी ताट, मग बाटली

(सामुदायिक रेडिओवरील बोलणं, शब्दांकन करून)

गोठ्यातलं, चुलीपुढचं काम जरा बाजूला ठेवून ऐकायला बसलात, बरं वाटलं. आजचा विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावतील, काहीजणी रेडिओचा आवाज बारीक करतील. तरी ऐका. लग्नाच्या वाढदिवसाचं खास जेवण असेल, तर त्याच्यासोबत लाल वाईन कोणती निवडावी, हा आजचा विषय आहे.

बायकांच्या कार्यक्रमात हे कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आपल्या कामात आहे. दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात आता बरेच बचत गट कृषी पर्यटन केंद्रांवर जेवण करून देतात. शहरातली जोडपी तिथे लग्नाचा दहावा, पंचविसावा वाढदिवस साजरा करायला येतात. त्यांना आपल्या हातचं काळ्या मसाल्याचं मटण हवं असतं, वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, पुरणपोळी हवी असते. आणि मग ती विचारतात, "ताई, याच्यासोबत कोणती रेड वाईन चांगली लागेल?" आपण गप्प राहिलो की दुसरं कोणीतरी सांगतं, "वाईन आहे ना, मग पास्ता करा, पनीर टिक्का करा." म्हणजे बाटलीपायी आपलं ताट बदलतं. ते आम्हाला पटत नाही. ताट आपलं राहिलं पाहिजे, बाटली त्याच्या मागून आली पाहिजे.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून सह्या गोळा केल्यात, आडव्या बाटलीला मत दिलंय. मग आता वाईनविषयी कसं बोलायचं? आम्ही गटात यावर पुष्कळ बोललो. आमचं मत असं झालं की विषय लपवला तर फसवणूक होते. म्हणून आधी खरं काय ते सांगू, आणि मगच चवीकडे वळू.

खरं हे की वाईन ही दारूच आहे. "द्राक्षाचा रस आहे, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशोब सांगा. वाईनची बाटली ७५० मिलीची. लाल वाईनमध्ये अल्कोहोल साधारण १३ टक्के. म्हणजे एका बाटलीत अंदाजे ९७ मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ते साधारण ७७ मिली असतं. म्हणजे एकट्याने वाईनची अख्खी बाटली संपवली तर क्वार्टरपेक्षा जास्त दारू पोटात गेली. लाल वाईन हृदयाला चांगली असते असंही कानावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. दारूने कर्करोगाचा धोका वाढतो, त्यात वाईनही आलीच. म्हणून जो पीत नाही त्याला आम्ही "घेऊन बघा" म्हणणार नाही. जे जोडपं आधीच ठरवून आलंय, त्यांना आपल्या जेवणासोबत काय शोभेल तेवढंच सांगणार.

आता चवीकडे येऊ. आणि इथे एक गंमत आहे. वाईनचा एक थेंबही न चाखता हे सगळं आपल्याला कळू शकतं. कारण द्राक्ष आपल्याला नवं नाही. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग, ही कामं आपल्याच हातची.

आपण खायची द्राक्षं पिकवतो ती मोठ्या मण्याची, बिनबियांची, पातळ सालीची. वाईनची द्राक्षं अगदी उलटी. मणी लहान, साल जाड, आत बिया. तिथे मणी फुगवायला डिपिंग करत नाहीत, कारण मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. ती साल कशाला हवी? वाईनचं काळं द्राक्ष हातात चुरडून बघा. रस फिकाच निघतो, रंग असतो सालीत. लाल वाईन करताना रस, साल आणि बिया एकत्र आंबवतात. त्यामुळे सालीचा रंग उतरतो, आणि साल-बियांमधला तुरटपणाही उतरतो. पांढऱ्या वाईनमध्ये साल आधीच काढून टाकतात, म्हणून ती फारशी तुरट नसते.

तुरट हा शब्द धरून ठेवा. कच्चं केळं खाल्लं, हिरडा चघळला, जांभळं जास्त खाल्ली की जीभ कोरडी पडते, तोंड आवळून येतं. तेच लाल वाईनमध्ये असतं. लाल वाईन आणि जेवण यांची जोडी जमते की मोडते, ते बरंचसं या तुरटपणावर ठरतं.

पुढच्या गटाच्या बैठकीत एक प्रयोग करा. खर्च काही नाही. बिनसाखरेचा, बिनदुधाचा कोरा चहा करा. पावडर जरा जास्त टाका, खूप उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. मग एकेक घोट घ्या. तोंड आवळेल. हा झाला वाईनसारखा तुरटपणा. आता चार वाट्या पुढे घ्या. पहिल्या वाटीत खारे शेंगदाणे. ते खाऊन चहाचा घोट घ्या, तुरटपणा मऊ वाटेल, कारण मीठ आणि तेल दोन्ही त्याला सांभाळतात. दुसऱ्या वाटीत मिरचीचा ठेचा. त्याच्यावर घोट घेतला की तिखट शमत नाही, तोंड आणखी रखरखतं. वाईनमध्ये तर अल्कोहोलही असतं, त्याने मिरचीची आग आणखी वाढते. तिसऱ्या वाटीत गूळ. गुळावर तोच चहा कडूजहर लागतो. चौथ्या वाटीत दूध. चमचाभर दूध चहात घातलं की तुरटपणा खाली बसतो, कारण दुधातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. मटणासोबत तुरट वाईन चालते ती याचमुळे, मटणात चरबी आणि प्रथिनं दोन्ही असतात.

या चार वाट्यांतून चार नियम निघाले. खारट आणि स्निग्ध जेवण लाल वाईनला मऊ करतं. मटणासारखं भारी जेवण तुरट वाईन पेलतं. फार तिखट जेवणाशी तिचं पटत नाही. आणि गोडावर कोरडी वाईन आंबट-कडू लागते. पाचवा नियम मासळीचा. बहुतेक लाल वाईनमध्ये थोडं लोह असतं, ती मासळीसोबत घेतली की तोंडात लोखंडासारखी वशट चव येते. म्हणून ताटात मासे असतील तर लाल वाईनचा विचारच सोडायला सांगा.

आता द्राक्षांच्या जाती. नाशिकजवळ सुला या कंपनीची पहिली वाईन २००० साली आली, आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण जाहीर केलं. त्यानंतर आपल्या भागात परदेशी जातींच्या बागा वाढल्या. लाल वाईनच्या बाटलीवर बहुतेक वेळा जातीचं नाव असतं. चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

पहिलं शिराझ. हिच्यात काळ्या मिऱ्यासारखा वास येतो आणि अंगाने ती दणकट असते. आपल्या काळ्या मसाल्यात मिरी, लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं असतं, म्हणून त्या मटणाशी हिची जोडी चांगली बसते. दिंडोरी हे आपल्या तालुक्याचं नाव तर एका शिराझच्या बाटलीवरच छापलेलं आहे. दुसरं कॅबर्ने सोव्हिन्याँ. ही मूळची फ्रान्समधली जात, साल जाड आणि तुरटपणा सगळ्यांत जास्त. तंदूरमधलं किंवा निखाऱ्यावर भाजलेलं, चरबी असलेलं मटण असेल तरच हिचं नाव घ्या. तिखट रश्शासोबत मुळीच नको. तिसरं झिनफँडेल. हिला पिकलेल्या फळाची चव आणि तुरटपणा बेताचा, म्हणून भाजलेल्या वांग्याचं भरीत, मसाल्याची भरली वांगी, कोंबडीचं सुकं यांच्याशी जमतं. चौथं सांजोव्हेजे. हे इटलीचं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला लावलंय. त्याच्या वाईनला आंबटपणा चांगला असतो, त्यामुळे टोमॅटोच्या आंबट रश्शासोबत ती फिकी पडत नाही.

आता वाढदिवसाचं ताट लावू. सुरुवातीला खारे शेंगदाणे, तळलेले पापड किंवा कुरकुरीत भजी. मधे काळ्या मसाल्याचं मटण, भाकरी, भरीत. शेवटी पुरणपोळी. या ताटाला आम्ही शिराझ सुचवू. ताट शाकाहारी असेल तर झिनफँडेल. फक्त एक काळजी घ्यायची. मसाला कमी करायचा नाही, मिरची कमी करायची. मसाल्याचा वास वेगळा आणि मिरचीची आग वेगळी. तेल, खोबरं, मीठ आपल्या हिशोबाने ठेवा, लाल तिखट अर्ध्यावर आणा आणि ठेचा वेगळ्या वाटीत द्या. ज्याला हवा तो घेईल. आणि झणझणीतच हवं असा पाहुण्याचा आग्रह असेल तर त्याला खुशाल सांगा, "मग वाईन जेवणाआधी शेंगदाण्यासोबत घ्या, रश्शासोबत चव येणार नाही."

पुरणपोळीच्या वेळी लाल वाईनचा पेला बाजूला ठेवायला सांगा. गोडासोबत घ्यायची वाईन त्या पदार्थापेक्षा जास्त गोड असावी लागते, आणि पुरणापेक्षा गोड वाईन मिळणं कठीण. पुरणपोळीची जोडी तूप आणि दुधाशीच, तिथे वाईनचं काम नाही.

बाटली निवडताना काय बघायचं? पंचविसाव्या वाढदिवसाला लग्नाच्या सालाची बाटली मिळेल का, असं काहीजण विचारतात. त्यांना समजावून सांगा. जितकी जुनी तितकी चांगली, हे सगळ्या वाईनला लागू नाही. फार थोड्या वाईन पंचवीस वर्षं टिकतात, आणि त्याही थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेल्या असाव्या लागतात. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लाल वाईन दोन-चार वर्षांतच संपवायच्या असतात. लेबलवर जे साल असतं ते द्राक्ष तोडणीचं. अलीकडचं साल असलेली बाटली घ्यावी. उन्हात ठेवलेली, बूच वर आलेलं किंवा बुचाजवळ ओघळ आलेली बाटली नको. ड्राय लिहिलं असेल तर ती गोड नाही असं समजावं. किंमत जास्त म्हणजे जोडी चांगली असं मुळीच नाही. साध्या भरीतासोबत महाग, तुरट कॅबर्ने वाया जाते.

लाल वाईन घरातल्या हवेइतकी गार ठेवावी असं सांगतात. हा नियम थंड देशांतला. त्यांच्या घरातली हवा १६ ते १८ अंश, आपल्याकडे उन्हाळ्यात ३५ अंश. तशी कोमट वाईन नुसती झोंबते. तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवली किंवा बर्फाच्या पाण्यात १० ते १५ मिनिटं बाटली उभी केली की पुरे. पेल्यात बर्फ टाकू नये, चव पाणचट होते. उरलेली वाईन घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते. त्यामुळे त्याच रात्री संपवलीच पाहिजे असं नाही. हे पाहुण्यांना आवर्जून सांगा. दोन माणसांना १५० मिलीचा एकेक पेला, आणि बाकीची झाकून ठेवली, तरी वाढदिवस तितकाच साजरा होतो. ज्याला गाडी चालवायची आहे त्याला तोही नको. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला नको, औषधं चालू असणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता आपल्या गटाची बाजू. इथे नीट ऐका, कारण चुकलं तर पोलीस आपल्या दारात येतील. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदी कायदा लागू आहे. दारू विकायची, वाढायची किंवा लोकांना बसून प्यायला जागा द्यायची तर परवाना लागतो. तो केंद्राच्या मालकाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यायचा. पाहुणे आपली बाटली घेऊन आले म्हणजे सगळं माफ, असं समजू नका. केंद्राकडे परवानगी आहे का, हे काम घेण्याआधी विचारा आणि कागद दाखवायला सांगा. २१ वर्षांखालच्या कोणाच्याही हाती पेला जाता कामा नये. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे तर पूर्ण दारूबंदीचे आहेत, तिथल्या बहिणींनी हा विषय फक्त ऐकायचा.

आमच्या गटाने पाच गोष्टी ठरवल्या आहेत. एक, आम्ही जेवण विकतो, बाटली नाही. बाटलीच्या पैशाला हात लावत नाही, त्यावर दलाली घेत नाही. दोन, बाटली आणायला गटातल्या कोणीही जायचं नाही, आणि पोराला तर पाठवायचंच नाही. तीन, पेला आम्ही भरत नाही. ताट वाढू, बाटली ज्याची त्याने उघडावी. चार, वाढून झालं की ठरलेल्या वेळी काम बंद, आणि घरी दोघी-दोघींनी मिळून जायचं. पाच, कोणी पिऊन उलटसुलट बोललं तर त्या दिवशीचं जेवण तिथेच थांबवायचं, पैसे गेले तरी चालतील. हे पाच मुद्दे कागदावर लिहून केंद्राच्या मालकाची सही घ्या. तोंडी बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही.

काहीजणी म्हणतील, इतकी बंधनं घातली तर काम मिळेल का? आमचं म्हणणं असं की काम आपल्या चवीमुळे मिळतं. "या मटणासोबत शिराझ घ्या, कॅबर्ने नको, आणि पुरणपोळीला थांबा," असं ज्या बाईला कारणासकट सांगता येतं, तिला पाहुणा नुसती स्वयंपाकीण समजत नाही. तिचं ताट कोणी बदलायला जात नाही. आणि तिने "आम्ही पेला भरत नाही" म्हटलं तर तेही मानाने ऐकलं जातं.

आणखी एक. लग्नाचा वाढदिवस दोघांचा असतो. पुष्कळदा बाटली एकाच्या मनात असते आणि दुसरी नुसती मान हलवते. म्हणून आम्ही जेवण ठरवताना ताईंना वेगळं विचारतो, "तुम्हाला काय आवडेल?" त्या नको म्हणाल्या तर त्यांच्यासाठी वेगळं पेय तयार हवं, तेही तितकंच झोकात. हेही ताटाला विचारूनच ठरवायचं. मटणासोबत आंबट-तुरट काहीतरी लागतं. जांभळाचा रस त्याला नेमका बसतो, रंगही तसाच गडद. कोकमाचं सरबत साखर कमी, मीठ आणि जिरेपूड घालून करा. डाळिंबाचा ताजा रस दाण्यांसकट नीट दाबून काढला तर थोडा तुरटपणा उतरतो. हे वाईनसारख्याच पेल्यात, गार करून द्या. कोणाच्या पेल्यात काय आहे हे दुसऱ्या टेबलावरच्याला कळायची गरज नाही. कोणी आग्रह करत असेल तर तो पेला आधीच पुढे ठेवला की आग्रह आपोआप थांबतो. या सरबतांना परवाना लागत नाही, आणि त्याचे पैसे गटाच्या खात्यात येतात. दर ठरवताना संकोच करू नका.

मग या बैठकीला कोऱ्या चहाचा प्रयोग नक्की करा. शेंगदाणे, ठेचा, गूळ, दूध, या चार वाट्या मांडा आणि कोणाला काय लागलं ते वहीत लिहा. तुमच्या भागातल्या कोणत्या पदार्थाला काय शोभेल, तेही आम्हाला कळवा. पुढच्या वेळी कोकम आणि जांभळाचा रस जास्त दिवस टिकवायचा कसा, त्यावर बोलू.